उजव्या बिजागरीला कुंकू

आईनं ते सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळताही येईना आणि थुंकताही.

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघींनी नुकतंच मोबाइलवर रॉकेट वर जाताना पाहिलं होतं. त्यात एक छोटा उपग्रह होता, टॉवर पोचत नाही अशा गावांना इंटरनेट देणारा. त्याचे दोन अँटेना मिटवून ठेवलेले होते आणि वर गेल्यावर ते दोन बिजागऱ्यांवर उघडायचे होते. त्या बिजागऱ्या माझ्या; मागून जाणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाच्याही. आराखडा माझा, जुळणीही माझी. बेंगळुरूच्या कंपनीतल्या पोरांनी त्या उपग्रहावर कित्येक वर्षं घालवली होती, आणि बिजागरी अडली की सगळं मातीत. दुरुस्तीला वर कोण जाणार?

"भ्यायचं काय त्यात?" आई म्हणाली. "कुंकू लावलंय की मी."

"कशाला?"

"तुज्या बिजागरीला. खंडेनवमीला. तुजं बाबा असताना कुंकवाबिगर एक नग गेला न्हाई हितनं. पाकीट फोडलं, बोट टेकवलं, पदरानं पुसलं, परत चिकटवलं. तू वरडशील म्हणून बोलले न्हाई."

"कुठं टेकवलंस?"

तिनं हात कोपरात दुमडला आणि बरोब्बर वळणावर बोट ठेवलं. "हितं. जितं वळतंय तितं."

त्या बिजागऱ्या मी हातमोजे घालून, तोंड बांधून, काचेच्या खोलीत जुळवल्या होत्या. धुळीचा कण जाऊ दिला नव्हता. डावी जरा खडखडली तर तिची पिन आवळून घेतली होती. खडखड मला खपतच नाही. आणि या बाईनं आत कुंकू घातलं! एरवी मी वर्कशॉप डोक्यावर घेतलं असतं. पण आज नजर फोनवरून हलेना.

तेवढ्यात कंपनीतल्या ऋषिराजचा फोन आला. "राजनंदिनी, एक अँटेना उघडत नाहीये. मोटर पूर्ण जोरात चालवून बघतो."

आत कुंकू असेल तर मोटर जळणार, हे मला कळत होतं. आणि हे सांगितलं तर आपल्याला पुन्हा कोणी काम देणार नाही, हेही. आई पेढ्याचा पुडा बांधता बांधता माझ्याकडेच बघत होती.

"थांब, ऋषिराज. मोटर चालवू नकोस," मी म्हणाले, आणि आईचं कुंकू सांगून टाकलं.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आधी ती बाजू उन्हाकडे वळवतो. तापून सुटली तर सुटली."

आई बाबांच्या लेथजवळ स्टुलावर बसली आणि पदरानं तेच बोट पुसत राहिली. "नंदे, माज्यामुळं बंद पडलं तर त्या पोरांनी काय करायचं गं?"

धीर द्यायला हवा होता. मी म्हणाले, "गप बस."

मी फोन समोर ठेवून घड्याळ बघत राहिले. फोन वाजला तेव्हा तो उचलायचीही भीती वाटली.

"उघडला!" ऋषिराज ओरडला. "ऊन लागलं आणि सुटला! डावा भलताच हट्टी निघाला."

मी रडत आईला मिठी मारली. "सुटली गं! डावी सुटली!"

आई मागं सरकली. "डावी? म्या तर उजवीला लावलं हुतं. शुभ कामाला डावं कोन घेतंय?"

कुठल्या बिजागरीला, हे मी तिला विचारलंच नव्हतं. कुंकू लावलेली उजवी पहिल्या झटक्यात उघडली होती. अडली ती डावी, मी आवळलेली. वरच्या थंडीत ती आणखी आवळली असणार. आणि दुसऱ्या उपग्रहाची डावीही मी तशीच आवळून पाठवली होती. तो उद्या रॉकेटमध्ये बंद होणार होता.

फोन अजून चालू होता. पलीकडे पोरं टाळ्या पिटत होती. "डावी मी आवळली होती, आई. उद्याचीही," मी फोनवर हात ठेवून म्हणाले.

"सांग की त्यास्नी," आई हळूच म्हणाली. "माजं सांगितलंस तसं."