विदरलेंचा शेवटचा सर

सर रूपर्ट विदरले शिकारीत घोड्यावरून पडून वारला, तेव्हा त्याची बायको ऑनर पोटुशी होती. घराण्यात दुसरा पुरुष औषधालाही उरला नव्हता. मुलगा झाला तर ‘सर’ हा किताब त्याच्याकडे जाणार. मुलगी झाली तर पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलेला किताब मातीत. मुलगी चालत नाही, दत्तक चालत नाही. असले कायदे करणाऱ्यांना काय म्हणावं!

हवेलीच्या दारावर सुतकाची काळी पाटी लागली. तिच्यावर घराण्याचं चिन्ह आणि चिन्हाच्या डोक्यावर ससाणा. पण मेलेला माणूस वंशातला शेवटचा असेल, तर ससाण्याच्या जागी कवटी रंगवायची, अशी तिथली रीत. सासूबाई लेडी अ‍ॅगथांनी रंगाऱ्याला ती जागा कोरीच ठेवायला सांगितली. मग त्यांनी सुनेला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सुनेला की तिच्या पोटाला, देव जाणे.

बाळंतपण फार अवघड गेलं. ऑनरची शुद्ध हरपली, दाई तिच्यात गुंतली आणि बाळ सासूबाईंच्या हातात आलं. त्यांनी दुपटं सोडून पाहिलं. मुलगा! त्याला खिडकीतून उंच धरून खाली जमलेल्या कुळांना दाखवलं, पाळण्यात ठेवलं आणि या वयात स्वतः धावत चर्चमध्ये घंटा वाजवायला सांगायला गेल्या. घंटा वाजत असतानाच परत आल्या, तर पाळण्यातलं बाळ गार पडलं होतं.

किताब गेला म्हणून त्या ऊर बडवून रडल्या. बापाच्या पाटीवर ससाणा आला, कारण त्याच्यामागे मुलगा होता, घटकाभर का होईना. कवटी आली ती त्या चिमुरड्याच्या वाट्याला. त्याची पाटी वेगळी करायला टाकली.

ऑनरचा ताप उतरला तोवर बाळाला मूठमाती देऊन झाली होती. आक्रोश करायचंही त्राण तिच्यात नव्हतं. उशाशी बसलेल्या सासूबाईंचा हात तिने धरला.

"आई, त्याचे डोळे रूपर्टसारखे होते का हो? त्याला जिवंतपणी तुम्हीच तेवढं घेतलंत."

नुसतं हो म्हणायला काय लागत होतं? पण अ‍ॅगथाबाई ते डोळे आठवू लागल्या, आणि आठवायला काही नव्हतंच.

"मी बघितलेच नाहीत गं," त्या शेवटी म्हणाल्या. "मुलगा आहे ना, तेवढंच बघितलं."

ऑनरने हात सोडला. खाली रंगारी शिडी लावून दारावर दुसरी पाटी ठोकत होता.