शेपटीचं लिंबू

“कशीबी गिरकी खाऊ द्या, माझं विमान भुईवर यायच्या आत सावरतेच!” बीबी गावच्या शाळेच्या मैदानात समतानं सगळ्यांसमोर छाती ठोकली.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट होता. खऱ्या विमानाची हातभर प्रतिकृती उंचावरून सोडायची, गरगर फिरवायची अन् रिमोटनं सरळ करून दाखवायची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं, तरच पास.

वर्गमित्र जुनेदनं पाण्याच्या टाकीवरून विमान सोडलं. ते भोवऱ्यासारखं फिरलं. समतानं रिमोटची दांडी उलटी दाबली. विमान फिरतच राह्यलं अन् धपकन बाभळीत शिरलं.

तिनं ओढून काढलं, तं शेपटीला लिंबू-मिरची!

“हे कोनं बांधलं?”

“म्या,” शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव ऐटीत म्हणाले. “नजर लागू नाही म्हून.”

“काका, शेपटी जड झाली का गिरकी सुटत नाही! नाकात शिसं भरून भरून म्या तोल साधला, अन् तुम्ही लिंबू लटकोलं?”

“मंग नाकालेबी एक बांधू. तोल बरोबर होईन.”

“लिंबू फेकू नको वं,” टाकीवरून जुनेद ओरडला, “लय ऊन आहे, सरबत करू!”

समतानं लिंबू-मिरची सोडून टाकली. पंख शाबूत होते. दोरीनं विमान पुन्हा टाकीवर गेलं. या खेपेला त्यानं झकास गिरकी घेतली, दांडी उलटी दाबताच नाक खाली केलं, सरळ झालं अन् गवतावर अलगद टेकलं.

“पाह्यलं का सर?”

परीक्षकांनी काहीच पाह्यलं नव्हतं. नेमका तेव्हाच अर्जुनराव त्यांचा सत्कार करून राह्यले होते. फेटा डोळ्यांवर, हार नाकापर्यंत.

“सत्कार आत्ताच कराचा होता काऊन?” समता कडाडली.

“पाहुण्याले बिनसत्काराचं उभं ठेवू काय? गावाची काही इज्जत आहे का नाही?” अर्जुनरावच उलटे तापले.

परीक्षकांनी फेट्यातून एक डोळा सोडवला. “पुन्हा दाखवा. पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“दाखोते!” समता म्हणाली. “पण आता विमानाले लिंबू नाही, हार नाही, कुंकू नाही, काईच बांधाचं नाही!”

“नाही तं नाही,” अर्जुनराव नरमले. “नुसता नारळ फोडतो. तो काही वर जात नाही.”

समतानं कपाळावर हात मारला अन् दोरी आणायला टाकीकडे गेली.

मैदानात दगड सापडला नाही. विमानाच्या नाकात शिसं होतं, म्हणजे ते दगडासारखंच टणक, म्हणून अर्जुनरावांनी नारळ त्या नाकावरच फोडला.