वातींचं वजन

“ताटातलं सरू दे, मंग दुसरं माग.”

शेंद्र्याहून निघताना आवडाबाईनं लेकाला एवढं एकच बजावलं होतं. भाकरीचं गाठोडं बांधता बांधता ती बोलली, म्हणून बद्रीनाथाला वाटलं, आई जेवणाबद्दल सांगतेय. ती कॉलेजाबद्दल सांगत होती, हे त्याच्या ध्यानात यायला दीड वर्ष गेलं.

औरंगाबादेत तो द्वारकाबाई आत्याकडं राहून सायन्स शिकत होता. निजामाचं राज्य, शिकणं सगळं उर्दूतून. प्रयोगाला म्हणायचं तजरबा आणि प्रयोगाच्या वहीला बयाज. बद्रीचं उर्दू बरं होतं, डोकं त्याहून बरं होतं, पण बयाजेत विसांपैकी सातच तजरबे उतरले होते. उरलेले तेरा कॉलेजात करून झालेले, नुसते लिहायचे. पण लिहायला बसलं की मन दाव्याला राहायचं नाही. लंबकाचा तजरबा लिहिताना तो उठून महादेवाच्या देवळातली घंटा किती वेळ झुलते ते मोजायला गेला आणि पुजाऱ्यानं हाकलल्यावरच परतला. पाण्याच्या दाबाचा लिहिताना तर थेट पनचक्की गाठली. हर्सूलचं पाणी जमिनीखालून येतं आणि इथं वर कसं चढतं, हे कोडं त्याला दीड वर्ष छळत होतं.

तजरबे घेणाऱ्या गयाससाहेबांनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं, “मियां बद्रीनाथ, पंद्रह दिन देता हूं. उस पीर को पूरे बीस नहीं देखे, तो इम्तिहान के फॉर्म पर मेरे दस्तखत नहीं.”

तो पीर, म्हणजे सोमवार, श्रावणातला शेवटचा. फॉर्म गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की बापानं शेंद्र्याला नांगर तयारच ठेवला होता.

इकडं आत्याचाही एक नेम चालला होता, लाख वातींचा. गेल्या आषाढापासून ती वाती वळत होती. शंभर होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शंभर झाल्या की “शिव शिव” म्हणायचं. दिवसाच्या वाती चुलीजवळच्या डब्यात, डबा भरला की कोपऱ्यातल्या पोत्यात, आणि हजार झाल्या की भिंतीवर कोळशाची एक रेघ. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सगळ्या वाती तुपात भिजवून वेरुळाला घृष्णेश्वरापुढं लावायच्या होत्या.

त्या वर्षी पावसानं भिंत ओली झाली आणि तिला पांढरा लोणा फुटला. बद्री तेव्हा आठवा तजरबा काढून बसला होता. हे मीठ का फटाक्याच्या दारूतला सोरा? आधी चाखलं. मग चाकूनं थोडं खरवडून निखाऱ्यावर टाकलं. तडतड उडालं! झालं, त्यानं सगळी भिंत खरवडून काढली.

आत्या त्र्याहत्तराव्या वातीवर होती. तिनं डोळे वटारले, हात हलवले, भिंतीकडं बोट केलं. बद्रीला वाटलं, शाबासकी देतेय. त्यानं आणखी जोरात खरवडलं. शंभरावी वात वळून “शिव शिव” झालं आणि मग आवाज फुटला, “बद्र्या! मुडद्या! माझ्या रेघा!”

रेघा निखाऱ्यावर तडतडून गेल्या होत्या.

“मी मोजून देतो, आत्या.”

“तू? लाख? सात लिहिता लिहिता दम लागला तुला!”

“मोजायचं कशाला? तोलायचं.”

त्याचा दोस्त मुख्तार हिमरूचं कापड विणणाऱ्यांच्या घरातला. जरीची तार तोलायचा इवलासा काटा आणि सूत तोलायचा मोठा तराजू, दोन्ही त्यांच्याकडं. बद्रीनं ते आणले. चुलीजवळच्या डब्यातल्या शंभर वाती मोजून छोट्या काट्यावर चढवल्या, मग पोतं मोठ्या तराजूवर. पण आत्याची सकाळची वात आणि संध्याकाळची वात सारखी असते का? ते बघण्यात तीन दिवस गेले. बयाज बिचारी उशाशी. शेवटी आकडा आला, एक लाख दोनशे. आत्यानं तराजूला हळदकुंकू वाहिलं आणि सोमवारची बैलगाडी सांगून टाकली.

रविवारी ऊन पडलं. बद्री तराजू परत करायला गेला. मुख्तारचे अब्बा इलियासचाचा मागावर बसले होते.

“क्या तोले, मियां?”

बद्रीनं ऐटीत सगळं सांगितलं. चाचा असे हसले की त्यांचा धोटा हातातच राहिला.

“अरे, बरसात में रुई तोलनेवाला या तो ठग रहता, या अहमक. तू कौनसा?”

“क्यों, चाचा?”

“रुई पानी पीती, बेटा! हम लोगां भीगे सूत का सौदाच नहीं करते.”

बद्रीला कोपऱ्यातलं पोतं आठवलं. मोजलेल्या शंभर वाती चुलीजवळच्या, कोरड्या ठणठणीत. पोतं मात्र ओल्या भिंतीला टेकलेलं. त्यानं तराजू तसाच उचलून घरी आणला. आत्यानं उद्याची तयारी म्हणून सगळ्या वाती अंगणात धोतरावर वाळत घातल्याच होत्या. चांगल्या वाळल्यावर त्यानं पुन्हा तोलल्या. शहाण्णव हजार. परत तोलल्या. शहाण्णव हजारच.

आत तोंडाला फडक्याचा दादरा बांधून आत्या तुपाचा डबा पक्का करत होती. चेहऱ्यावर असं समाधान, जणू देव दारात आलाय. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? जाणणारे दोघंच. त्यातले इलियासचाचा काही वेरुळाला वाती मोजायला येत नव्हते. बद्री उंबऱ्यात घुटमळला. मग आत गेला आणि एका दमात बोलून मोकळा झाला.

आत्या खाली बसली. तिची बोटं डब्याच्या दोरीवरून फिरत राहिली.

“महादेव मोजत बसत नसतो, आत्या,” बद्री हळूच म्हणाला.

“त्यो नाय मोजत. पर मी लाख म्हनले होते ना रं.” तिनं दोरी सोडली. “जा, गाडीवाल्याला सांग, फुडल्या सोमवारी. चार हजार म्हंजी दिवसाला पाचशे. व्हतील. तुझे किती राहिले?”

“तेरा.”

“साहेबानं दटावलं त्या दिवशी किती व्हते?”

बद्रीनं मान खाली घातली. “तेरा.”

आत्याला हसू आवरेना. पदर तोंडाला लावूनच ती देवापुढची पळी घेऊन आली. “धर हात. आधी तेरा, मंग तुझी सारी दुनिया. सोड पानी.”

त्यानं ताम्हनात पाणी सोडलं. थेंब बोटाच्या टोकाला क्षणभर लोंबून का राहतो, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. त्यानं गिळलं.

सोमवारी कॉलेजातून आल्या आल्या तो बयाज घेऊन बसला. समोर आत्या, मुक्यानं वाती वळत. एवढ्यात खिडकीत मुख्तारचं डोकं उगवलं.

“बद्री! चल, पनचक्की पे! सफाई के वास्ते नल खोलके रखे! पानी कैसा चढता, अंदर से दिखरा!”

बद्रीचा टाक थांबला. दीड वर्ष! त्यानं आत्याकडं पाहिलं. आत्या एकतिसाव्या वातीवर, बोलायची सोय नाही. तिनं वरही पाहिलं नाही. गुडघ्याजवळची दौत तेवढी बोटभर त्याच्याकडं सरकवली.

“तू बघून ये,” बद्री म्हणाला. “आणि येत्या सोमवारपर्यंत मला सांगू नको. मी विचारलं तरी सांगू नको.”

“क्या रे, बुखार है क्या?”

बद्रीनं खिडकीची फळी लोटली, टाक बुडवला आणि लिहिलं, ‘तजरबा नंबर आठ.’