लोसालिनीने नेलेला पट्टा

मनगट दुखतंय, लढत पुढे ढकला, असा निरोप कितिओनेने तिसऱ्यांदा धाडला, त्याच सकाळी तो नारळाच्या झाडावर चढून अख्खा घड उतरवून आला होता. त्याची बायको वासेमादा खाली उभी होती. ती काही बोलली नाही, नारळ तेवढे गोळा केले. न बोलणाऱ्या बायकोइतका ताप दुसरा नाही, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

कितिओने म्हणजे बॉक्सिंगमधला फिजीचा मिडलवेट चॅम्पियन. सोनेरी पत्र्याचा पट्टा बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. आणि ज्याच्याशी लढायचं तो आपिसाई, समोरच्या बेटावरच्या वाईदाम्बा गावचा पोरगा. त्याची एक लढत कितिओनेने लाउतोकाला पाहिली होती. डाव्या हाताचा एकच ठोसा, आणि समोरचा गडी उभ्याउभ्या झोपला. शुद्धीवर आल्यावर त्याने सख्ख्या भावाला विचारलं, "आपण कोण?" तेव्हापासून कितिओने तारीख पुढे ढकलत होता. त्याला भीती वाटत होती. गोष्ट एवढी साधी, पण चॅम्पियन माणसाला ती बोलायची सोय नसते.

राजधानी सुव्याचे रामसुमेर मास्टर, त्याचे गुरू, लढतींच्या तारखाही तेच ठरवायचे. ते फोनवर धीर द्यायचे. "अरे, चॅम्पियन कधी माणसाला टाळत नसतो, तारीख टाळत असतो. अजून वर्षभर रेट, मग निवृत्ती जाहीर कर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

गावात संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या नशिल्या पेयाच्या, वाट्या फिरायला लागल्या की हाच विषय निघे. कुणी म्हणे घाबरला. कुणी म्हणे, "घाबरला कसला, शहाणा आहे. बिळात राहतो म्हणूनच खेकडा मोठा होतो." हे बोलणं कितिओनेच्या बाजूचं होतं, तरी त्याला तेच जास्त झोंबलं.

अशात एका लग्नाच्या निमित्ताने वाईदाम्बाची लोसालिनी गावात आली. आपिसाईची सख्खी आत्या. ही दोन्ही गावं एकाच मूळपुरुषाची, म्हणजे तौवू. तौवूने तुमच्या घरात यावं, तुम्हाला वाट्टेल ते बोलावं, डोळ्यांत भरेल ते उचलून न्यावं, आणि तुम्ही हसावं. रागावलात तर नाक तुमचंच कापलं जातं. मागच्या साली कितिओनेच्या गावकऱ्यांनी लोसालिनीच्या चुलीवरचं पातेलं आतल्या मासळीसकट पळवलं होतं. बाई ते विसरल्या नव्हत्या.

"कुठाय तुमचा तो पळपुटा कोंबडा?" असं विचारतच ती घरात शिरली. पोटभर जेवली. एक कोंबडी घेतली, एक चटई घेतली. मग तिची नजर भिंतीवर गेली.

तिने पट्टा काढला आणि कमरेला लावून बघितला. टोकाला टोक लागेना. "बघा गं बायांनो, चॅम्पियनची कंबरसुद्धा माझ्यापेक्षा लहान. आमच्या आपिसाईला सांगते, पट्टा घरबसल्या आला, कुणाला चापटसुद्धा मारावी लागली नाही."

बायका हसून हसून लोळल्या. कितिओनेही हसला. हसावंच लागलं. चटईत गुंडाळलेला पट्टा होडीतून निघून गेला.

वासेमादा मोकळ्या खिळ्याकडे बघत म्हणाली, "आता मनगट कसं आहे?"

दुसऱ्या दिवशी तो वाईदाम्बाला निघाला. बेत सरळ होता. तौवूचा हक्क त्यालाही होताच. पट्टा उचलायचा, घरी यायचं आणि निवृत्ती जाहीर करून मोकळं व्हायचं. पट्टाही राहिला, अब्रूही राहिली.

लोसालिनीच्या स्वयंपाकघरात पट्टा चुलीवरच्या काठीला लटकत होता, धुरी द्यायला टांगलेल्या माशांच्या रांगेत. तिने त्याच्यापुढे अळूचे उकडलेले कंद आणि नारळाच्या रसातली मासळी ठेवली. त्याने कंद तेवढा कुस्करला, खाल्ला नाही.

तेवढ्यात मळ्यातून आपिसाई आला. पाहुणा बघून दारातच थबकला. अळू काढून काढून डाव्या हाताला खाज सुटली होती, तो हात अंग घासणाऱ्या मांजरासारखा चौकटीला घासत होता. "दादा, आत्याने मला विचारलं नव्हतं. पट्टा घेऊन जा तुमचा. मला असा नकोय."

कितिओनेने पट्टा काढला. माशांचा वास येत होता. होडी किनाऱ्याला होती, कुणी अडवणार नव्हतं. पण घरी गेल्यावर वासेमादा पुन्हा काही न बोलता नारळ गोळा करायला लागेल, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने पट्टा परत काठीला लावला.

"लोसालिनी, तुझ्या घरातलं काहीही नेता येतं ना मला?"

"ने की. डुक्कर ने हवं तर."

"मग हा नेतो." त्याने आपिसाईचं मनगट धरलं. "सुव्याला चाललोय. दोघं मिळून मास्टरच्या दारात बसतो आणि तारीख घेऊनच उठतो."

लोसालिनीचा आ वासला. रागावायची सोय नव्हती, म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मेल्या, धड परत आण त्याला."

"तेच माझ्या बायकोनं माझ्याबद्दल याला सांगायला हवं."

"आणि हा पट्टा?"

"राहू दे धुरात. ज्याचा होईल तो येऊन नेईल."

बाईने न खाल्लेलं जेवण केळीच्या पानात बांधून होडीत ठेवलं. खाडी ओलांडून होडी मोकळ्या समुद्राला लागली तेव्हा आपिसाईने भीत भीत विचारलं, "दादा, मनगट बरं आहे ना?"

"मनगटाला काही झालंच नव्हतं," कितिओने म्हणाला. "मला तुझी भीती वाटते."

आपिसाईने खाजरा डावा हात पाण्यात बुडवला. "मग घाबरलेला मीच एकटा नाही म्हणायचा," तो म्हणाला.

भीती काही गेली नाही. पण बोलून झाली, आणि कितिओनेला सपाटून भूक लागली. त्याने पान सोडलं. आपिसाईचा डावा हात झपकन पुढे आला तसा चॅम्पियन दचकून मागे सरला. हात माशाचा मोठा तुकडा उचलून गेला होता. दोघंही इतके हसले की होडी हलायला लागली, आणि मग उरलेला मासा त्यांनी निम्मा निम्मा खाल्ला.