मुबशिराचे शेवाळ

कळंब्याच्या रस्त्यावर राहणारे खिजरभाई एसी दुरुस्तीच्या कामावरून घरी परतत, तेव्हा त्यांच्या स्कूटरवर पायापाशी पाण्याचा एक कॅन असे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी गिऱ्हाईक फेकून देई. खिजरभाई मात्र ते तूप आणावे तसे जपून आणीत. कारण त्या पाण्यात क्षार नसतात, आणि त्यांच्या घरातील एका जीवास क्षार विषासमान होते.

तो जीव म्हणजे स्फॅग्नम जातीचे शेवाळ. नर्सरीवाले ऑर्किडच्या मुळांशी जे वाळलेले गुंडाळतात, तेच. परंतु हे जिवंत, हिरवेगार, तारकांसारख्या शेंड्यांचे. कन्या मुबशिराने ते खिडकीतल्या एका पारदर्शक डब्यात लावले होते. पुढे ती वनस्पतिशास्त्राच्या संशोधनासाठी बेंगळुरूस गेली. ठरत आलेले लग्न मोडून गेली, म्हणून तिच्या मातेने, सलमाने, निरोपाचा शब्दही उच्चारला नाही. तेव्हापासून मायलेकींचे बोलणे खुंटले. मुबशिरा रोज सायंकाळी फोन करी, तो शेवाळाची खबर घेण्यास. खिजरभाई मुद्दाम स्पीकर लावीत, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबत असे. आई लेकीचा आवाज ऐके, तो एवढाच. हे शेवाळ गेले तर तेवढेही जाईल, म्हणून खिजरभाई त्यास जिवापाड जपत.

शेजारचे अण्णासो थट्टा करीत. "खिजरभाई, लोकं शेवाळ घालवाय गच्चीवर ब्लिचिंग टाकत्यात, आणि तुम्ही त्येला पाळण्यात घातलंय की!"

"लेकीचं हाय, अण्णा."

"मग बारशाचं जेवण कवा?"

उन्हाळा चढला आणि शेंडे तपकिरी पडू लागले. खिजरभाईंनी डबा सावलीत सरकवला, झाकण किलकिले केले, तरी गुण येईना. शेंड्यांवर पांढुरकी पूड दिसू लागली. ती क्षारांची, हे त्यांनी ओळखले. पण पाणी तर एसीचेच होते!

एका सकाळी हत्यारांची पिशवी विसरली म्हणून ते माघारी आले, तेव्हा सलमा डब्यापाशी उभी होती. डोक्यावर पदर, ओठांवर दुआ आणि हातात झमझमची बाटली. मक्केच्या उमरा यात्रेहून आणलेले ते पवित्र विहिरीचे पाणी ती दुखण्याखुपण्यालाही थेंबाथेंबाने देई. डब्यात मात्र ओंजळभर ओतत होती.

"सलमा! काय करतीस?"

"काय म्हंजे? तिचं झाड हाय. लेकरू परमुलखात एकलं हाय. झाडाला पोचलं की तिला पोचतंय."

त्या पाण्यात जमिनीतील क्षार विपुल असतात, हे खिजरभाईंस ठाऊक होते. परंतु त्याने अपाय झाला, हे मुखाने कसे वदावे? अखेर ते म्हणाले, "पाणी पाक हाय, सलमा. पर हे शेवाळच दुबळं. विहिरीचं, नळाचं, जमिनीतलं कुठलंच त्येला सोसत न्हाय."

सलमाने बाटलीचे बूच लावले. "म्हंजे मीच मारलं?"

खिजरभाईंनी डब्यातील शेवाळ ताटात काढले. शेवाळ धुणे अगत्याचे होते. पण झमझम मोरीत सोडण्याचा विचार दोघांच्याही मनास शिवला नाही. खिजरभाई एसीच्या पाण्यात शेवाळ खळबळून काढीत, आणि ते पाणी सलमा जिना चढून गच्चीवरील मोगऱ्याच्या बुडाशी घालून येई. गुडघे दुखत असूनही तिने पातेले त्यांच्या हाती दिले नाही. शेवटी ताटात काळपट लगदा उरला. त्यातून वेचलेले हिरवे शेंडे मूठभरही नव्हते.

"उन्हानं गेलं म्हणून सांगतो," खिजरभाई म्हणाले. "तुझं नाव घेत न्हाय."

"म्हंजे आणि एक लपवायचं? लावा फोन."

"आत्ता? ती कामात असंल."

"लावा की!"

"अब्बा?" पलीकडून घाबरा आवाज आला. "सकाळी सकाळी? शेवाळ बरं हाय न्हवं?"

सलमाने फोन हिसकावला. इतके दिवस रागाने मनात रचून ठेवलेले शब्द तिला त्या क्षणी आठवेनात.

"अब्बा न्हाय. मी हाय. तुझ्या शेवाळाला मी झमझम घातलं. त्येला सोसलं न्हाय."

 

"कवापासनं, अम्मी?"

"तू गेलीस तवापासनं. रोज."

मग नाक ओढल्याचा आवाज, आणि भिजल्या स्वरात प्रश्न आला, "किती शेंडे हिरवे हायत?"

सलमाने ताट उजेडाकडे ओढले व बोटाने एकेक शेंडा बाजूस सारू लागली.

"थांब जरा," ती म्हणाली, "फोन ठेवू नगंस."