सूतिकागृहाची तुळई आणि चौदा महिन्यांच्या सभा

मित्रांनो, आमच्या सूतिकागृहाच्या ओसरीत शिराल तेव्हा जरा मान वर करा. एका बाजूने काळवंडलेली, टोकाशी कापलेली सागवानी तुळई दिसेल. ती मी. वय झालं आहे आणि स्वभावही थोडा चिडका झाला आहे. तो कशाने झाला, ते सांगते.

माझा जन्म पारशिवनीच्या पलीकडच्या रानातला. बैलगाडीवर पडून मी नागपुरात आले. कोष्ट्यांच्या वस्तीत लोकांनी वर्गणी काढून सूतिकागृह बांधलं, तेव्हा मला बाळंतिणींच्या खोलीवर चढवलं. वीस वर्षं तिथली सगळी कौलं माझ्या पाठीवर होती. यमुताई तिथली सुईण. कळा देणाऱ्या बाईला ती म्हणायची, "डोळे नको मिटू वं. वर त्या तुळईकडे पाह्य अन् दम घे." त्या बायका माझ्याकडे अशा काही पाहायच्या, की वाटायचं, थोडी कळ मीच सोसते आहे. दिवाळीला यमुताई मला तेल लावून घ्यायची. माझं कौतुक म्हणाल तर एवढंच, पण मला ते पुरत होतं.

१९५३ च्या चैत्रात, भर दुपारी, शेजारच्या खोलीत हत्यारं उकळायच्या स्टोव्हचा भडका उडाला. कापसाचे गठ्ठे पेटले. यमुताईने दोघी बाळंतिणींना लेकरांसकट बाहेर काढलं. विणकर धावत आले. विहिरीचं पाणी शेंदायला वेळ नव्हता, म्हणून सूत रंगवायच्या हौदांतलंच पाणी त्यांनी आगीवर मारलं. आग विझली. भिंती निळ्या-जांभळ्या झाल्या, कौलं खाली आली, मी काळी ठिक्कर पडले. पण कुणाच्या जिवाला धक्का लागला नाही. मला वाटलं, चला, महिनाभरात दुरुस्ती होईल.

महिनाभरात पहिली सभा झाली.

सूतिकागृहाच्या समितीचे अध्यक्ष ईश्वरदासजी निवृत्त हेडमास्तर होते. शिस्तीचे आणि प्रामाणिक. हे मुद्दाम सांगते, कारण ते लबाड असते तर मला राग धरायला सोपं गेलं असतं. त्यांचं म्हणणं, सगळं काम एकाच ठेकेदाराला ठोक भावाने द्यावं. "एक माणूस, एक आकडा, एक तारीख. डोक्याला ताप नाही."

सुताचे व्यापारी भैयाजी हे दुसरे सभासद. ते जोरात मान हलवायचे. "ठेकेदार आपल्याले फसवते, गुरुजी. माल आपण आणू अन् मजूर रोजंदारीवर लावू."

"मग मजुरांवर दिवसभर नजर कोण ठेवणार? तुम्ही?"

"मले दुकान आहे न."

झालं. सभा तहकूब.

शेवटी ठोक भावाचं टेंडर निघालं. एक ठेकेदार आला. त्याने दारातूनच विचारलं, "आत किती जळलं?" कुणालाच ठाऊक नव्हतं. न दिसणाऱ्या नुकसानीच्या धास्तीने त्याने असा भाव लावला, की समितीचे डोळे पांढरे झाले. दुसऱ्याने अगदीच स्वस्त भाव दिला. जाताना तो सोबत्याला हळूच म्हणाला, "वरून गिलावा मारला का झालं. आत कोण पाह्यते?" हे त्याने माझ्याच खाली उभं राहून म्हटलं! मी कुणाच्या कानावर घालणार? दोन भावांत एवढं अंतर का, हे समितीतल्या एकानेही विचारलं नाही. त्यांनी टेंडर रद्द केलं आणि त्याच शब्दांत दुसरं काढलं. मग तिसरं.

मधे एक आख्खा पावसाळा माझ्या उघड्या अंगावरून गेला. ताडपत्री टाकायची तर ती ठोक कामात धरायची की वेगळी, यावर दोन सभा झाल्या. ताडपत्री काही आली नाही.

तोवर यमुताई एका विणकराच्या खोलीत, माग बाजूला सारून बाळंतपणं करत होती. दुसऱ्या वर्षीच्या ज्येष्ठात गोपिका नावाची विणकरीण अडली. त्या खोलीत हात फिरवायला जागा नव्हती, म्हणून तिला टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले. सदर भागाकडच्या वाटेवर, भर रस्त्यात, लुगड्याच्या आडोशाने ती बाळंत झाली. लेकरू निळं पडलं होतं. यमुताईने त्याला उलटं धरून, पाठीवर चापट्या मारून रडवलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्याच दिवशी सभा होती. जळक्या खोलीतच खुर्च्या मांडल्या होत्या. यमुताई रुपराव मिस्त्रीला घेऊन आली आणि सरळ मधल्या खुर्चीवर बसली.

"यमुताई, ही समितीची सभा आहे," ईश्वरदासजी म्हणाले.

"ठाऊक आहे न. तुमची सभा तुमी पुढच्या महिन्यावर ढकलता, गुरुजी. गोपिकेच्या कळा मी कोठी ढकलू?"

ती मिस्त्रीकडे वळली.

"रुपराव, सांग गा यायले."

रुपराव शिडी लावून वर चढला. माझ्या अंगात त्याने गिरमिटाने एक भोक पाडलं आणि निघालेला भुसा तळहातावर घेऊन दाखवला. भुसा पिवळा, कोरडा होता. "कोळसा वरवरच आहे. आत लाकूड पक्कं." मग तो भिंतीकडे सरकला. माझं टोक जिथे भिंतीत शिरतं, तिथला गिलावा सगळ्यात चांगला दिसत होता. त्यावर हातोडी पडताच भद्द आवाज आला.

"जे काळं दिसते ते चांगलं, अन् जे चांगलं दिसते ते पोकळ," रुपराव म्हणाला. "उघडल्याबिगर कोणी सांगू शकत नाही. मंग ठोक भाव काहून मांगून राहिले?"

भैयाजी पुढे सरसावले. "मी तं पहिल्यापासून म्हणतो, रोजंदारी..."

"सगळं नाही, भैयाजी. उघडायचं काम तेवढं रोजंदारीवर करा. आठ दिवस. मंग किती भिंत, किती लाकूड, किती कौलं, ते लिहून काढा अन् मोजमापावर ठेका द्या. जेवढं काम होईन, तेवढेच पैसे."

मित्रांनो, चौदा महिने! आणि उत्तर एका शिडीएवढ्या उंचीवर होतं.

ईश्वरदासजींनी चष्मा पुसला. "सूचना विचार करण्यासारखी आहे. त्यासाठी एक उपसमिती..."

"नेमा," यमुताई म्हणाली. "तिचं काम होयेपर्यंत मी इथून उठत नाही."

चहा आला आणि गेला. ती बसूनच राहिली. दिवेलागणीला कागदावर सह्या झाल्या.

दुसऱ्या सकाळी सगळ्यात आधी ताडपत्री आली. मग भिंत उघडली. आत माझं टोक कुजलं होतं. रुपरावने बोटाने उकरलं तसा ओला भुगा पडला. खाली उभ्या असलेल्या ईश्वरदासजींनी विचारलं, "हे आगीने झालं?"

"नाही, गुरुजी. पाणी मुरलं. गेल्या वर्षी झाकलं असतं तं टोक शाबूत राह्यलं असतं."

ईश्वरदासजी वाकले. त्या भुग्याची चिमूट त्यांनी बोटांत धरली; ती टाकायचंही त्यांना सुचेना.

आगीने मला बोटभर खाल्लं होतं, सभांनी हातभर. तेवढं कापल्यावर मी बाळंतिणींच्या खोलीला पुरेना. तिथे नवी तुळई बसली आणि मला ओसरीवर घातलं. मोजमापावर दिलेलं काम दिवाळीच्या आत उरकलं.

मित्रांनो, शाळा असो, दवाखाना असो की वाचनालय, जे सगळ्यांचं आहे त्याला इजा झाली तर आधी त्यावर काहीतरी झाका. मग कुणालातरी शिडीवर चढवून नीट पाहू द्या. काम कुणाला आणि कसं द्यायचं, यावर त्यानंतर हवं तेवढं भांडा. माझी काही तक्रार नाही.

या सगळ्याला आता दहा वर्षं झाली. परवाच ओसरीतल्या नळाची तोटी तुटली. समितीची माणसं जमली आणि कुणीतरी खुर्च्या काढू लागलं. ईश्वरदासजी आता पुष्कळ थकले आहेत. पण ते ओरडलेच, "खुर्च्या राहू द्या! आधी बादली लावा." आणि काठी टेकत ते स्वतःच रुपरावला बोलवायला निघाले.