सगळे उजवे

डावऱ्या माणसाला जग डावखुरा म्हणतं आणि वर त्याचं कौतुक तरी करतं, नाहीतर कीव. उरलेल्यांना नाव द्यायची कुणाला गरजच वाटली नाही. ती नुसती माणसं. या बहीणभावाने मात्र लहानपणीच ती उणीव भरून काढली होती. दोघंही डावरी. कुणी उगाच शहाणपणा शिकवायला आलं, की दादा बहिणीच्या कानाशी लागून म्हणायचा, "उजवा आहे, सोडून दे." शब्द साधाच, पण शिवीचं सगळं काम त्यातून व्हायचं.

पुढे दोघंही कोट शिवणाऱ्या एकाच कारखान्यात कापड कापायला लागली. साध्या कात्रीने डाव्या हाताने कापायचं तर पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं आणि रेघ दिसेनाशी होते. म्हणून दोघांनी उलट्या पात्यांच्या कात्र्या मिळवल्या होत्या. तिने कापलेला कोट खांद्यात कधी चुकला नाही.

मग दादा कापणाऱ्यांवर मास्तर झाला. नव्या मालकाने जुन्या कात्र्या भंगारात काढून सगळ्यांना नव्या घ्यायचं ठरवलं. बोलता बोलता तो म्हणाला की डावरी माणसं कापड फार वाया घालवतात. दादाने मान डोलावली आणि यादी करून दिली: कटर आठ, सगळे उजवे.

नवी कात्री हातात आली तेव्हा तिला वाटलं, घाईघाईत राहून गेलं असेल. भोळीच ती. सरळ मालकाकडे गेली आणि म्हणाली, कात्री बदलून द्या, मी डावरी आहे, दादाही आहे.

मालकाने दादाला बोलावलं. दादाने उजव्या हातात पेन घेऊन हजेरीवर सही केली. सही अगदी सफाईदार. किती दिवस चोरून गिरवली असेल कोण जाणे.

"मी उजवा आहे," तो म्हणाला. "आमच्या घरात ही एकटीच तशी."

तिला रागापेक्षा लाज जास्त वाटली. इतकी वर्षं जगाला हसलो, ते आपण एकटीनेच की काय?

त्याच दिवशी तिला बटणं लावायला बसवलं. तिच्या कापायच्या टेबलाशी दादा उभा राहिला आणि उजव्या हाताने पहिलाच खांदा रेघ सोडून कापू लागला. लांबूनही ते दिसत होतं. काजं करणारी शेजारीण कुजबुजली, "अगं, सांग ना तुझ्या दादाला."

"ते मास्तर आहेत," ती म्हणाली. "माझा दादा डावरा होता."